नव्वदात एक

सकाळी 7.10

चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. गडहिंग्लजची स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रीण होती. आधी एका रिपोर्टचा फोटो पाठवलेला. डबल मार्कर, लाल अक्षरांत 'हाय रिस्क', पुढे 1:140. पेशंटचं वय 24. "रात्रभर रडलीय गं ती. उद्या बघतेस?"

अशा फोटोत मी आधी आकडा बघत नाही, वरचे रकाने वाचते. वजन काय लिहिलंय, गर्भ एक की जुळा, आठवडे कशावरून मोजलेत. इथे लॅबनं पाळीची तारीख धरून 13 आठवडे 1 दिवस लावले होते. सोनोग्राफीत बाळाची लांबी मात्र 55 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम 12 आठवडे. या तपासणीत आईच्या रक्तातले दोन पदार्थ मोजतात, पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी. या दिवसांत पहिला आठवड्यागणिक चढत जातो, दुसरा उतरत जातो. बाळाला डाउन सिंड्रोम असेल तर पहिला साधारण निम्म्यावर येतो आणि दुसरा दुपटीच्या आसपास जातो. आता आठवडाच पुढचा धरला, तर निरोगी बाळाच्या आईचाही पहिला कमी आणि दुसरा जास्त ठरणार. गणित दोन्हीकडून एकाच बाजूला कलतं.

"लॅबला बाळाची लांबी कळव आणि आकडा नव्यानं काढून घे. तिला म्हणावं, हा रिपोर्ट आलाच नाही असं समज."

"तिला नाही गं पटणार. तिनं गूगल केलंय."

8.40

कोल्हापुरात राजारामपुरीतलं आमचं सेंटर उघडलं की पहिलं काम मशिनचं नाही, कागदांचं. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र, दारात 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक, टेबलावर कायद्याचं पुस्तक. आणि एफ फॉर्मचा गठ्ठा. बाईचं नाव, पत्ता, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं, कशासाठी पाठवलं, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं. खाली तिची सही, की मला मुलगा-मुलगी जाणून घ्यायचं नाही. त्याखाली माझी सही, की मी सांगितलेलं नाही. महिन्याचा हिशेब पुढच्या पाच तारखेच्या आत गेला पाहिजे. एखादा रकाना कोरा राहिला तर ती नुसती कारकुनी चूक मानायची की गुन्हा, यावर डॉक्टरांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. मे 2019 मध्ये न्यायालयानं सांगितलं, कायद्यातलं कलम योग्यच आहे, नोंदी अपुऱ्या असतील तर तो कायद्याचा भंगच. त्या दिवशी आमच्या व्यवसायातले बरेच जण चिडले होते. मी चिडले नाही. का, ते दुपारी सांगते.

9.15

कागलची मुलगी, 23 वर्षांची, पहिलंच बाळ, सोबत सासू. 12 आठवडे 3 दिवस. बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत 60 मिलिमीटर.

11 आठवड्यांपासून 13 आठवडे 6 दिवसांपर्यंत बाळाच्या मानेमागे, कातडीखाली, पाण्याचा एक पातळ थर दिसतो. त्याला एनटी म्हणतात. हा थर जाड असेल तर गुणसूत्रांत काही तरी जास्तीचं असण्याची शक्यता वाढते, हे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या किप्रॉस निकोलायडीस यांनी 1992 मध्ये मांडलं. गंमत अशी, की ज्यांच्या नावानं डाउन सिंड्रोम ओळखला जातो त्या जॉन लँग्डन डाउन यांनी 1866 मध्येच लिहून ठेवलं होतं, की या मुलांची कातडी अंगाला मोठी झाल्यासारखी दिसते. ती मोठी कातडी गर्भातच बघायला मधे सव्वाशे वर्षं गेली. 21 क्रमांकाचं गुणसूत्र दोनाच्या जागी तीन असतं हे कळायला 1959 साल उजाडलं.

मोजायचं असतं मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. त्यासाठी बाळ एका कुशीवरून नेमकं दिसलं पाहिजे, मान ताठ नको की छातीशी दुमडलेली नको, आणि मानेमागची कातडी ही कातडीच हवी, मागे तरंगणारा गर्भजलाचा पडदा नव्हे. आजचं बाळ पालथं, हनुवटी छातीला टेकवून झोपलेलं. आईला खोकायला लावलं, कूस बदलायला लावली. नाही. शेवटी म्हटलं, जा, खाली चहा पिऊन ये, चार पावलं चाल.

"सकाळी दोनदा च्या पिऊन आलोय मी," ती म्हणाली. इकडच्या बायका 'आलोय'च म्हणतात.

"तिसऱ्यांदा पी."

वीस मिनिटांनी बाळानं पाठ फिरवली. एनटी 1.6, नाकाचं हाड दिसतंय, हृदयाचे ठोके मिनिटाला 162, झडपेतून रक्त उलटं येत नाही. सासूबाईंनी पडद्याकडे बोट केलं. "त्ये हात हाय व्हय?" हातच होता. बोटं उघडून मिटत होती. हात, पाय, नाक, ठोके मी सगळ्यांना दाखवते. एक गोष्ट सोडून.

जाताना सासूबाई म्हणाल्या, "हिचं वय तर लहान हाय, मग ही तपासणी कशापायी?" प्रश्न बरोबर होता. विसाव्या वर्षी डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता साधारण 1500 त एक, पस्तिसाव्या वर्षी 350 त एक, चाळिसाव्या वर्षी 100 त एक. मग फक्त चाळिशीतल्या बायका तपासाव्यात की. पण बाळंतपणं होतात ती विशी-तिशीतल्या बायकांची, त्यामुळे अशी बहुतेक मुलं तरुण आयांच्याच पोटी येतात. नुसतं वय बघून चाळलं तर निम्म्याहून जास्त निसटतात. वय, एनटी आणि रक्त एकत्र धरलं तर शंभरातली नव्वद सापडतात. त्यासाठी शंभरातल्या पाच निरोगी बाळांच्या आयांना मात्र विनाकारण घोर लागतो.

10.45

त्या घोर लागलेल्यांपैकी एक जोडपं समोर बसलं. राधानगरीकडचं. ती 31 वर्षांची, तो एस.टी.त कंडक्टर. बाळ 12 आठवडे 6 दिवसांचं, एनटी 2.9, पॅप-ए कमी. सगळं धरून आकडा आला 1:90.

या खोलीत पडदा बंद असतो. घाई करायची नाही, एवढा एकच नियम मी पाळते. बाळ 'पॉझिटिव्ह' आहे असं त्यांना कुणीतरी सांगून पाठवलेलं. मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, तुमच्या गाडीत सीट किती?

"चव्वेचाळीस."

"नव्वद बायका म्हणजे?"

"दोन गाड्या. वर दोघी उभ्या." त्यानं क्षणात तिकिटं फाडली.

"त्या नव्वदही जणींचा रिपोर्ट असाच आहे, 1:90. त्यातल्या एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम आहे. एकोणनव्वद जणींच्या बाळाला नाही. ती एक कोणती, ते हा कागद सांगत नाही."

तो गप्प बसला. मग ती म्हणाली, "पण एक तरी हायच की गाडीत." कुठलीच आकडेमोड याच्या पुढे जात नाही. तिला एकोणनव्वद जणींचं कौतुक नव्हतं.

मग वाटा सांगितल्या. एक, आणखी एक रक्ततपासणी, एनआयपीटी. आईच्या रक्तात वारेच्या पेशींतून सुटलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, हे डेनिस लो यांनी 1997 मध्ये दाखवलं. ते मोजून डाउन सिंड्रोमच्या शंभरातल्या नव्व्याण्णव गर्भांपर्यंत पोचता येतं. पण खर्च पाच आकडी आणि निकालाला आठ-दहा दिवस. शिवाय ते तुकडे वारेचे, बाळाचे नव्हेत, त्यामुळे 'आहे' असा निकाल आला तरी सुईनं खात्री करावीच लागते. दोन, आत्ताच वारेचा कण सुईनं काढून गुणसूत्रं बघायची. तीन, सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबून गर्भजल काढायचं. चार, काहीच करायचं नाही. चौथी वाट मी मुद्दाम म्हणून दाखवते, कारण ती आहे हे पुष्कळांना कुणी सांगितलेलंच नसतं.

"तुमी आमच्या जागी असता तर काय केलं असतं?" त्यानं विचारलं. हा प्रश्न रोज येतो. मी उत्तर देत नाही, आणि देत नाही म्हणून समोरचा थोडा दुखावतो, हेही रोजचंच. मी त्यांच्या जागी नाही. उद्याचं बाळ मी वाढवणार नाही.

घरी जाऊन संध्याकाळी फोन करतो म्हणाले.

12.15

गर्भजल तपासणी. आजरा तालुक्यातली बाई, 17 आठवडे. तिचं पहिलं मूल गुणसूत्रांतल्या दोषामुळे गेलेलं. इथे एफबरोबर संमतीचा जी फॉर्म, तोही तिला समजतो त्या भाषेत वाचून दाखवून. रक्तगट निगेटिव्ह आहे, म्हणून नंतर अँटी-डीचं इंजेक्शन.

"पोराला टोचंल का?"

"सुई जाते कुठं ते सगळा वेळ मला दिसत असतं."

22 गेजची सुई, पडद्यावर एक पांढरी रेघ. पहिले एक-दोन मिलिलिटर बाजूला, कारण त्यात आईच्या पेशी मिसळू शकतात. मग वीसेक मिलिलिटर पाणी, फिकट गव्हाळ रंगाचं. दोन मिनिटं. गर्भपाताचा धोका पूर्वी शंभरात एक सांगत. सरावलेल्या हातात तो त्याहून बराच कमी आहे, आणि मी दोन्ही गोष्टी सांगते. नळ्या संध्याकाळच्या कुरिअरनं पुण्याला. 13, 18 आणि 21 या गुणसूत्रांचा झटपट निकाल तीन-चार दिवसांत, पूर्ण आराखडा यायला दोन-तीन आठवडे, कारण पेशी आधी वाढवाव्या लागतात. त्या आराखड्यात लिंग ठरवणारी शेवटची जोडी आमच्याकडे छापून येत नाही. लॅबला माहीत असते, आम्हाला कळवत नाहीत.

1.40

डबा. गडहिंग्लजचा मेसेज: नव्यानं काढलेला आकडा 1:1900. तिला अजून पटलेलं नाही.

आता सकाळचं राहिलेलं. ही गर्भजलाची सुई भारतात आली सत्तरच्या दशकात, गुणसूत्रांचे दोष शोधण्यासाठी. काही वर्षांतच ती शोधायला लागली मुली. सरकारी रुग्णालयांत बंदी आली, तशी खासगीत दुकानं निघाली. त्याविरुद्ध मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी मोहीम उभारली आणि 1988 मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा आला 1994 मध्ये, पुढे 2003 मध्ये त्यात सोनोग्राफी नीट पकडली गेली. त्याआधी, कायदा असूनही, 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे कोल्हापूर जिल्ह्यात मुली होत्या 839. शाहू महाराजांचा जिल्हा म्हणून मिरवणाऱ्या आम्हा सगळ्यांना ही चपराक होती. लक्ष्मीकांत देशमुख इथे जिल्हाधिकारी असताना (साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेच) सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची पेटी जोडली गेली. कोणती तपासणी कधी झाली, त्याची नोंद पेटीत राहायची. डॉक्टरांना तो अपमान वाटला. 2011 मध्ये आकडा 863 झाला. सुधारणा म्हणायची तर म्हणा.

म्हणून मी एफ फॉर्मवर चिडत नाही. कंटाळते, पण चिडत नाही. माझ्या हातातल्या सुईचा पूर्वेतिहास त्या रकान्यांत आहे.

आजही कुणी तरी घोळत येतंच. मघाशी एका पेशंटचे चुलत सासरे दाराशी रेंगाळले. "पेढं आणू का बर्फी, एवढंच सांगा म्याडम." मी म्हटलं, मला साखर वर्ज्य आहे. रिसेप्शनवरच्या ताईंनी त्यांना फलकासमोर उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं. ही त्यांची स्वतःची पद्धत, कायद्यात कुठे नाही.

3.00

विसाव्या आठवड्याची अ‍ॅनोमली स्कॅन. मेंदू, मणका, मूत्रपिंडं, ओठ, हृदयाचे चारही कप्पे, सगळं छान. फक्त डाव्या कप्प्यात एक पांढरा ठिपका. आमच्या भाषेत ईआयएफ, पेशंटच्या भाषेत 'हृदयात गाठ'. ती गाठ नाही, भोक नाही, आजार नाही. स्नायूच्या एका दोरीत थोडं खनिज साचलेलं, ते चमकतं. आशियाई वंशाच्या बाळांत जरा जास्तच दिसतं. पूर्वी याला डाउन सिंड्रोमची खूण धरत. पण बाकी सगळं नीट असेल आणि आधीची रक्ततपासणी चांगली असेल, तर या ठिपक्याला महत्त्व देऊ नका, असं अमेरिकेतल्या सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिननं 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं. हिची रक्ततपासणी चांगली आहे.

मग रिपोर्टमध्ये लिहायचा का? लिहावा लागतो, नाही तर पुढच्या सेंटरवर कुणाला तरी तो 'सापडतो'. पण लिहिताना मी तो शेवटी 'ठळक निष्कर्ष' म्हणून लिहीत नाही, हृदयाच्या वर्णनातच एका वाक्यात लिहिते, आणि त्याच वाक्यात सांगते की पुढची तपासणी नको. एका ओळीच्या जागेवरून घरात चार महिने झोप लागते की उडते, ते ठरतं. आमच्या प्रशिक्षणात हा धडा नव्हता.

4.30

या बाईंना मी ओळखते. दुसरी खेप. सोबत थोरली, सात वर्षांची, तिला डाउन सिंड्रोम आहे. तिच्या वेळी तपासणी झालीच नव्हती. जन्मल्यावर कळलं. सहाव्या महिन्यात हृदयाची शस्त्रक्रिया झाली. आता शाळेत जाते आणि आमच्या सेंटरवर आली की फिरत्या स्टुलाची मालकीण असते.

थोरलीचा गुणसूत्रांचा आराखडा आई प्लास्टिकच्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. तो फार महत्त्वाचा कागद. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव मुलांत 21 वं गुणसूत्र सुटं, जास्तीचं असतं. तसं असलं तर पुढच्या खेपेला तेच होण्याची शक्यता साधारण शंभरात एक. पण थोड्या मुलांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, आणि तसं असेल तर आई-बाबांची गुणसूत्रं आधी बघावी लागतात. क्वचित एखाद्या जोडप्यात प्रत्येक खेपेला तेच होणार, असंही निघतं. यांचं सुटं होतं.

एनटी 1.8. नाकाचं हाड आहे. स्टुलावरून थोरलीनं विचारलं, "बाळ?" मी म्हटलं, हो, हे बघ डोकं. तिनं पडद्याला हात लावला, जेल लागलेलाच.

आई हळू आवाजात म्हणाल्या, "सुई नको म्हणतोय मी. सुई घेऊन काय करायचं, ते ठरवायला पाहिजे ना आधी. हिच्या समोर बसून 'हिच्यासारखं नको' असं म्हणायला तोंड होईना झालंय." थोडं थांबल्या. "आणि दोन सांभाळायची ताकद हाय असंबी न्हाई."

दोन्ही वाक्यं खरी होती. मी कुठल्याच वाक्याच्या बाजूनं बोलले नाही. रक्त घेतलं, आकडा आला की पुन्हा बसू म्हटलं. जाताना त्यांनी आपणहून सांगितलं, अशी कुणी आई आली तर माझा नंबर द्या, खरं काय ते सांगीन.

6.15

तो नंबर लगेच लागला. 21 आठवडे, गर्भजलाचा निकाल हातात: डाउन सिंड्रोम. हृदयाच्या मधोमध पडदा नीट बनलेला नाही. या मुलांपैकी सुमारे निम्म्यांच्या हृदयात काही ना काही असतं, आणि हा दोष त्यांच्यात विशेष दिसतो. शस्त्रक्रियेनं तो दुरुस्त होऊ शकतो.

खोलीत पाच जण होते, बोलत होते सासरे. मी सगळ्यांना बाहेर बसवलं. नवऱ्यालाही. कायद्यानं गर्भपातासाठी संमती लागते ती सज्ञान बाईची, एकटीची. नवऱ्याची सही लागत नाही हे ऐकून बायकाच चकित होतात.

2021 च्या दुरुस्तीपासून, बाळात गंभीर दोष असेल तर दोन डॉक्टरांच्या मतानं 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यापुढे राज्यानं नेमलेलं वैद्यकीय मंडळ ठरवतं. 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकेता मेहतांनी आपल्या बाळाच्या हृदयदोषासाठी परवानगी मागितली, तेव्हा मर्यादा 20 आठवड्यांची होती आणि न्यायालयानं नकार दिला होता. त्या खटल्यानंतर चर्चा सुरू झाली, कायदा बदलायला तेरा वर्षं लागली. समोरच्या बाईला यातलं काही सांगितलं नाही. फक्त एवढं, की आज ठरवायची सक्ती नाही, हातात अडीच-तीन आठवडे आहेत.

"शाळंत जाईल?"

"बहुतेक जातात. चालतात, बोलतात, पण उशिरा."

"किती उशिरा? किती शिकंल?"

याचं उत्तर पडद्यावर नसतं. तिसरं गुणसूत्र आहे एवढं आम्ही नक्की सांगू शकतो. ते मूल कसं असेल, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. मी ते तसंच सांगितलं. मग विचारलं, अशी मुलगी वाढवणाऱ्या एका आईशी बोलणार का? तिनं नंबर घेतला आणि नवऱ्याला आत बोलवायला सांगितलं, सासऱ्यांना नाही.

8.05

कंडक्टरांचा फोन. दोघांचं ठरलंय, वारेची सुईच करून टाकू, आठ दिवस वाट बघणं तिला झेपणार नाही. आतापर्यंत बाजूला बसलेल्या कुणाचा तरी आवाज आला, "अमुशाचं विचार." परवा, शुक्रवारी, अमावास्या. शनिवार-रविवार आमचं बंद.

मी कॅलेंडर बघितलं. सोमवारी 13 आठवडे 4 दिवस होतात. ही तपासणी तोवर करता येते. म्हटलं, सोमवारी अकरा वाजता या. जेवून यायचं, उपाशी नाही. दोघांच्या रक्तगटाचे कागद आणि तिचं आधार कार्ड विसरू नका.

"आणि गाडीनं आलो तर चालंल न्हवं? हादरं?"

"चालेल. तुमच्याच गाडीनं या."